ताक्यावरची शाई

सुरतेच्या डिंडोलीतल्या त्या सोसायटीत तीन गल्ल्या आहेत आणि तिन्ही गल्ल्यांत मिळून जेवढे चिंचोदेकर राहतात, तेवढे आज खुद्द चिंचोद्यात राहत नाहीत. गाव धुळे जिल्ह्यात, माणसं सुरतेत मागावर. गावात उरलेत म्हातारेकोतारे, थोडी शेतीवाली घरं आणि ग्रामपंचायत. पंचायतीला मतं लागतात आणि मतं डिंडोलीत झोपलेली असतात. म्हणून दर निवडणुकीला गावाला हिलाल आठवतो.

हिलाल उखा पाटील. वय एकसष्ट, अंगाने काटकुळा, कानाने थोडा जड. चौतीस वर्षं त्याने एका लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, काम केलं. मागावरून उतरलेला कापडाचा ताका टेबलावर ओढायचा, डाग-तुटका धागा पाहायचा, आणि ताक्याच्या टोकाला शाईने नंबर टाकायचा. दिवसाला दीडशे ताके आणि दीडशे नंबर. अक्षर असं वळणदार की शेठ पाहुण्यांना दाखवायचा. हे अक्षर आणि ही टापटीप घेऊन हिलालने आयुष्यात दुसरं एकच काम केलं, ते म्हणजे चिंचोद्याच्या सुरतवाल्या मतदारांची वही.

वहीत सगळं होतं. कोण कुठल्या गल्लीत, कुठल्या खात्यावर, दिवसपाळी की रातपाळी, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, शेठ सुट्टी देतो की नाही, आणि नाही देत तर त्याच्याशी कोणी बोलायचं. बसमध्ये कोणाला उलटी होते आणि कोणाला खिडकी लागते, हेसुद्धा. दोनशे बारा नावं. मतदान जाहीर झालं की गावाकडून बस यायची, दोन्ही पॅनलच्या वेगवेगळ्या, पण दोन्ही बसमध्ये कोण चढणार हे हिलालच्या वहीवरून ठरायचं. तो स्वतः भगवान पाटलाच्या पॅनलचा, भाऊबंदच पडतो तो त्याचा. तरी समोरच्या पॅनलच्या राघोच्या माणसांनाही त्याने कधी चुकीचा निरोप दिला नाही. एवढं करून घेतलं काय, तर चहा. लोक म्हणायचे, हिलालभाऊसारखा माणूस गावात राहिला असता तर गावाचं सोनं झालं असतं. असं म्हणायला काही खर्च येत नाही.

आता त्याच्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चिंचोद्याच्या मतदार यादीत हिलालचं नाव नव्हतं. वीसेक वर्षांपासून नव्हतं.

झालं ते असं. डिंडोलीत नळ-गटारी यायच्या होत्या. एक जण गल्लीत अर्ज घेऊन आला, म्हणाला इथल्या यादीत नाव लावा, पुढे कागदाला कागद जोडता येतो. सगळ्यांनी अर्ज भरले. त्या अर्जात एक रकाना होता. आधी दुसरीकडे नाव असेल तर तिथला पत्ता लिहा, तिथलं नाव कमी करण्यास आमची हरकत नाही, सही. अख्ख्या गल्लीने तो रकाना कोरा सोडला. काहींनी गुजराती वाचता येत नव्हतं म्हणून, काहींनी वाचता येत होतं म्हणून. हिलालने भरला. रकाना आहे म्हटल्यावर भरायचा, एवढंच त्याला कळत होतं. मौजे चिंचोदे, वॉर्ड दोन, खाली ठसठशीत सही. त्याची बायको उषाबाई त्या महिन्यात आईच्या आजारपणासाठी माहेरी होती, म्हणून तिचा अर्ज राहून गेला.

पुढच्या पंचायत निवडणुकीला, मतदानाच्या आदल्या दिवशी, गावच्या शाळेच्या ओट्यावर बसून तो सुरतवाल्यांच्या चिठ्ठ्या लिहीत होता. यादीतला नंबर, नाव, खोली क्रमांक. आपल्या घराच्या पानावर आला. उषाबाई होती. नावाखाली छापलं होतं, पतीचे नाव हिलाल. त्याच्या वरची ओळ, जिथे तो स्वतः असायचा, तिथे शेजारचा म्हातारा सरकून आला होता. म्हणजे यादीत हिलाल होता, पण उषाबाईचा नवरा म्हणून. तेव्हाच सांगितलं असतं तर लोक हसले असते, दोन दिवस चिडवलं असतं, विषय संपला असता. पण ज्याच्या हातात दोनशे बारा नावं, त्याचंच नाव गाळलेलं, आणि तेही त्याच्याच सहीने! हिलालला वाटलं, उद्या सांगू.

उद्या सांगायला वेळ मिळाला नाही. माणसं बसमधून उतरवायची, रांगेत लावायची, म्हाताऱ्यांना हाताला धरून न्यायचं. दुपारी शाळेच्या भिंतीजवळ सगळे एकमेकांना बोटं दाखवत होते. कोणीतरी विचारलं, “हिलालभाऊ, तुन्हं व्हई गयं का?” त्याच्या सदऱ्याच्या खिशात, सवयीने, खात्यातली शाईची छोटी बाटली होती. शाळेमागे जाऊन त्याने काडी बुडवली आणि डाव्या तर्जनीवर नखापासून रेघ ओढली. ताक्यावर ओढायचा तशी, सरळ. ती शाई निळी. सरकारी शाई जांभळी असते, मग काळी पडते. पण दुसऱ्याच्या बोटाकडे इतकं कोण बघतं?

उषाबाईने बघितलं. तिसऱ्या दिवशी तो अंघोळ करून आला तर बोट स्वच्छ.

“सगळास्नी शाई महिनाभर जात नही,” ती म्हणाली. “तुम्हनी तीन दिवसमा गई. कोठे लाई?”

त्याने सांगितलं. ती भाकरी थापत राहिली. मग एवढंच म्हणाली, “आते सांगी टाका एकदाव.” तो हो म्हणाला. त्यानंतर गावच्या, तालुक्याच्या, मोठ्या, लहान अशा किती निवडणुका गेल्या, आणि बाटली दर वेळी खिशात होती.

इथवर हे हसण्यावारी नेता आलं असतं. एका माणसाने स्वतःच्या बोटाला शाई लावली तर कोणाचं काय बिघडतं? पण अकरा वर्षांपूर्वी बिघडलं.

त्या वेळी वॉर्ड दोनमधून भगवान पाटील उभा होता आणि समोर राघो. अटीतटीची लढत. मतदानाच्या आधीच्या रविवारी भगवान डिंडोलीला आला आणि कानबाई देवीच्या मांडवासाठी गल्लीने जी पत्र्याची शेड बांधली आहे, तिच्यात नारळावर हात ठेवून भाऊबंदांनी शपथ घेतली. एक्केचाळीस हात. हिलालचाही त्यात होता. आपलं मत नाही हे त्याला माहीत होतं, पण सगळ्यांचे हात नारळावर असताना आपला मागे घेणार कसा? मोजणी झाली. भगवान दोनशे अकरा, राघो दोनशे अकरा. शाळेतल्या एका मुलीकडून चिठ्ठी उचलली आणि चिठ्ठी राघोची निघाली.

भगवान हिशोबाला पक्का. गावातली आपली मतं त्याला घरागणिक पाठ होती. ती बरोबर पडली होती. एक मत कमी होतं ते सुरतेचं. एक्केचाळिसांतल्या एकाने दगा दिला होता. कोणी, हे त्याने रात्रभरात ठरवूनही टाकलं. त्याचा डिंडोलीतला चुलतभाऊ वाल्मिक. कारण वाल्मिकची दोन बिघे जमीन राघो निम्म्या वाट्याने कसायचा. पुरावा म्हणून एवढं पुष्कळ झालं. वाल्मिक म्हणाला, मी तुलाच दिलं. भगवान म्हणाला, नारळावर हात ठेवून खोटं बोलतोस वरून.

हिलाल तिथेच उभा होता, आणि गप्प बसला. याला दुसरं नाव नाही.

त्या वर्षीच्या श्रावणात कानबाईचे रोट झाले. खानदेशात रोट हा साधा प्रसाद नव्हे. तो फक्त भाऊबंदांनी खायचा असतो. घरातल्या माणसांच्या नावाने गव्हाच्या मुठी मोजून घालतात, आणि ज्याची मूठ त्यात नाही तो त्या कुळाचा नाही. भगवानच्या सांगण्यावरून वाल्मिकच्या घरच्या मुठी गाळल्या. सरलाबाई, वाल्मिकची बायको, ताट घेऊन शेडच्या दारापर्यंत आली आणि परत गेली. बसच्या वहीतूनही पाच नावं गेली. हिलालने त्यांच्यावर काट मारली नाही, तेवढं त्याच्याने झालं नाही. नवी वही केली तेव्हा ती फक्त उतरवली नाहीत. वाल्मिकने माग सोडला आणि हजिऱ्याला एका कंपनीच्या गेटवर नोकरी धरली. हिलालच्या घरापासून सातवं घर त्याचं. अकरा वर्षांत दोघांच्या तोंडून एकमेकांसाठी दहा शब्द निघाले नसतील. मतदानाला मात्र वाल्मिक दर वेळी जायचा. भुसावळ पॅसेंजरने, उभ्याने, नरडाण्याला उतरून पुढे मिळेल त्या गाडीने. बस त्याच्या दारावरून जायची.

हे सगळं असं मुरत पडलं असतं, पण यंदा गावाने हिलालवर उपकार करायचं ठरवलं.

चिंचोद्याची पाण्याची टाकी दोन वर्षं अर्ध्यावर उभी होती. भगवानचा गट काम सुरू करायचा की राघोचा गट अर्ज द्यायचा, आणि उलट. शेवटी ग्रामसभेत बायका हंडे घेऊन बसल्या. सरपंच बिनविरोध करा, दोघांना चालेल असा करा, नाहीतर दोघांनाही पाणी भरायला लावू, असं त्यांनी सुनावलं. दोघांना चालेल असं नाव गावात निघेना. मग कोणीतरी हिलालचं घेतलं आणि आश्चर्य म्हणजे दोघेही हो म्हणाले. शनिवारी भगवानचा फोन आला.

“हिलाल, सुरतमा काय ठेवेल शे आते? रिटायर व्हयना तू. गावले चल. सरपंच करतस तुले.”

फोन ठेवल्यावर हिलाल बराच वेळ ओट्यावर बसून राहिला. खोटं कशाला सांगा, त्याला आनंद झाला होता. लग्नात झाला नव्हता इतका. चौतीस वर्षं दुसऱ्याच्या कापडावर नंबर टाकले आणि दुसऱ्यांची नावं लिहिली, आणि आता गाव म्हणतं, ये. पंचायतीच्या फळ्यावर सरपंचांची नावं पांढऱ्या रंगाने लिहिलेली असतात. त्यात आपलं नाव कसं दिसेल हे त्याला अक्षराच्या वळणासकट दिसलं. आणि लगेच वही आठवली, वहीच्या मागची यादी आठवली.

मुलगा गोपाल पर्वत पाटियाजवळ एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर असतो. त्याला गावाचं फारसं नाही, पण तोही उड्या मारत होता. “पप्पा सरपंच! स्टेटस रखूं क्या?”

“ठेव तो मोबाईल,” उषाबाई म्हणाली. मग हिलालकडे वळून हळूच, “आते तरी सांगतस का मी सांगू?”

“मी नही म्हनी देस,” हिलाल म्हणाला. “तब्येत बरी नही, आयकू येत नही, अशे सांगी देस. विषय संपना.”

“तुम्हना विषय संपना,” उषाबाई म्हणाली. “सातवा घरना?”

हिलालला त्या वेळी खरोखरच ऐकू आलं नाही, की त्याने तसं दाखवलं, कोणास ठाऊक.

रविवारी दुपारी जीप आली. एकाच जीपमधून भगवान आणि राघो उतरले तेव्हा तिन्ही गल्ल्यांनी तोंडात बोटं घातली. एका बाजूने एक, दुसऱ्या बाजूने दुसरा, पण जीप एकच. कानबाईच्या शेडमध्ये सतरंज्या पडल्या. दीडशेक माणसं जमली. वाल्मिक नव्हता, त्याची ड्युटी होती, आणि नसती तरी त्याला बोलावलं कोणी नव्हतं. सरलाबाई तेवढी आपल्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिथून शेडमधलं सगळं ऐकू येतं.

भगवानने नाव मांडलं, राघोने अनुमोदन दिलं. टाळ्या पडल्या. हिलाल उठला, हात जोडले आणि ठरवल्याप्रमाणे म्हणाला, मला हे झेपणार नाही. कान गेलेत, वय झालंय, एखाद्या तरुणाला द्या.

झालं भलतंच. राघोचे डोळे भरून आले. “देखा!” तो ओरडला. “पद चालीसन ऊनं तरी नही म्हनस. असा मानूस कोठे भेटई?” पुन्हा टाळ्या, पहिल्यापेक्षा जोरात. हिलाल दुसऱ्यांदा नाही म्हणाला. तेव्हा लोकांनी त्याचा जयजयकार केला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा भगवानने स्वतःची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि आता चर्चा नको, अर्ज भरायला घ्या, मुदत गुरुवारपर्यंत आहे, असं जाहीर केलं. अर्ज ऑनलाइन भरायचा होता. गोपालला पुढे बसवलं.

“मतदार यादीतला अनुक्रमांक मागतंय,” गोपाल म्हणाला. त्याने मोबाईलवर चिंचोद्याची यादी काढली, वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. “मम्मीचं आहे. पप्पांचं नाही सापडत.” पुन्हा पाहिली. “पप्पा, तुमचं नावच नाहीये यात.”

मग सगळेच एकदम बोलायला लागले, आणि जे बोलले ते हिलालच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तहसीलवाल्यांनी नाव उडवलं! जिवंत माणसाचं नाव उडवतात! एवढी वर्षं मतदान करणारा माणूस! उद्या मोर्चा नेऊ, बस भरून नेऊ, पेपरात देऊ. राघो तर कपाळावर हात मारून घेत होता. हिलालचा जीव भांड्यात पडला. देवाने स्वतःहून दार उघडून दिल्यासारखं झालं होतं. आता त्याला काही करायचं नव्हतं. मान खाली घालून उभं राहायचं, म्हणजे मानही राहणार, नावही राहणार, आणि वर सगळ्यांची हळहळ. सरपंचपद गेलं असतं, पण गाव गेलं नसतं.

तो तसाच उभा राहिलाही. पण भगवानला बोलायची हौस. त्याने हिलालच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मन्हं नशीबच असं शे, भाऊ. अकरा साल पहिले मन्हा भाऊबंदनी घात करा. आज सरकारनी करा.”

बाहेर सरलाबाईच्या सुपाचा आवाज थांबला.

हिलालला तो आवाज थांबलेला ऐकू आला. कान जड असले तरी. त्याने बायकांच्या बाजूला पाहिलं. उषाबाई त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता, नुसतं थकलेपण होतं. त्याने डोक्यावरची भगवानची टोपी काढली, झटकली आणि त्याच्या हातात दिली.

“कोनीच घात करा नही,” तो म्हणाला. “नाव मी काढं. मन्ही सहीथीन काढं.”

मग त्याने सगळं सांगितलं. रकाना, सही, शाळेचा ओटा, बाटली, काडी. वाचून दाखवल्यासारखं सांगितलं, एक तपशील गाळला नाही. मागे कोणीतरी तरुण पोरगा फिदीफिदी हसला. त्याला कोणी गप्प केलं नाही, तोच आपोआप गप्प झाला. हिलाल म्हणाला, “त्या साले नारळवर एक्केचाळीस हात व्हतात. मतं चाळीसच व्हतात. चाळीसना चाळीस भगवानले पडनात. वाल्मिकनं बी पडनं. एक्केचाळीसावा हात मन्हा व्हता.”

भगवान हिशोबाला पक्का, हे आधी सांगितलंच आहे. त्याला बोटं मोजावी लागली नाहीत. त्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. एवढंच विचारलं, “तुले तवयबी माहीत व्हतं?”

“व्हतं.”

“आनि तू रोट खाधा मन्हाबरोबर.”

“खाधा.”

भगवान शेडमधून बाहेर पडला आणि सरळ सातव्या घरी गेला. वाल्मिक नव्हता. सरलाबाईने तांब्याभर पाणी दिलं. बसा म्हणाली नाही. तो उभ्यानेच पाणी प्याला, तांब्या ओट्यावर ठेवला आणि जीपमध्ये जाऊन बसला. राघो मागून गेला. दोघे एका जीपमधून आले होते, जातानाही एकाच जीपमधून गेले, पण बिनविरोधची गोष्ट तिथेच मोडली. दोघांनी आपापले उमेदवार उभे केले आणि मतदानाची तारीख लागली.

त्या पंधरा दिवसांत गल्लीने हिलालला काय काय ऐकवलं ते लिहीत बसत नाही. पोरं त्याला बोट दाखवून जायची. चहावाल्याने एकदा कपाबरोबर शाईचं पेन ठेवलं. मोठी माणसं बोलायची नाहीत, ते जास्त लागायचं. पण बसची वही दुसऱ्या कोणाला जमेना. दोघांनी प्रयत्न केला आणि रातपाळीवाले दुपारच्या बसमध्ये घातले. शेवटी वही परत हिलालकडेच आली, न बोलता, उषाबाईच्या हातून. त्याने नवं पान उघडलं आणि सगळ्यात आधी पाच नावं लिहिली. वाल्मिक, सरलाबाई, दोन मुलं, सून. बसची पुढची पाच सीटं. चिठ्ठ्या लिहिल्या आणि सातव्या घरी स्वतः नेऊन दिल्या. वाल्मिक पुन्हा ड्युटीवर. सरलाबाईने चिठ्ठ्या घेतल्या, वाचल्या, पदराच्या टोकाला बांधल्या. “सांगस त्यास्ले,” म्हणाली.

मतदानाच्या सकाळी बस गल्लीच्या तोंडाशी लागली. हिलाल खाली उभा राहून नावं पुकारत होता. या वेळी तो जाणार नव्हता. उषाबाई चढली, तिने खिडकीतून एकदा पाहिलं आणि पदर सारखा केला. सगळे आले, पुढची पाच सीटं रिकामी. ड्रायव्हरने हॉर्न दिला. हिलाल म्हणाला, दहा मिनिटं. दहाची वीस झाली. मग गल्लीतून एक बाई दूध घेऊन आली, ती म्हणाली, वाल्मिकच्या घराला तर पहाटेपासून कुलूप आहे, सगळे पॅसेंजरने गेले. हिलालने वहीत पाच नावांपुढे काही लिहिलं नाही. बस सोडून दिली.

तो दिवस त्याला फार मोठा वाटला. वीस वर्षांत पहिल्यांदाच मतदानाच्या दिवशी त्याला काही काम नव्हतं. त्याने ओटा झाडला, पाणी मारलं, पुन्हा झाडला. शाईची जुनी बाटली कपाटात होती ती काढून पाहिली. शाई वाळून तळाला बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओट्यावर बसलेला असताना समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं. वाल्मिक. हजिऱ्याच्या गणवेशात, ड्युटीवर निघालेला, हातात डबा. केस पांढरे झालेले हिलालने दुरून पाहिले होते. जवळून आज पाहिले. बस म्हणावं तर अकरा वर्षांनी बस म्हणायचा आपल्याला हक्क आहे का, ते त्याला कळेना.

“बस चुकनी का रे तुम्हनी?” तो शेवटी म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर आपण काय मूर्खासारखं विचारतोय ते त्याच्या ध्यानात आलं.

वाल्मिकने डावा हात पुढे केला. तर्जनीवर नखापासून खाली ओली वाटावी अशी ताजी रेघ होती. बोट त्याने हिलालच्या डोळ्यांसमोर धरलं.

“देखी ले,” तो म्हणाला. “खरी शाई अशी जांभळी ऱ्हास. तुन्ही निळी व्हती, ताकावरनी. मी बारा साल त्याच खातामा माग चालाडात, हिलाल. अकरा साल पहिले, मतदानना रोजेच वळखी व्हती.”

हिलाल उठून उभा राहिला. “मंग सांगं का नही? भगवानले सांगतास तर...”

“सांगाना तुले व्हतं,” वाल्मिक म्हणाला. “तू सांगशी म्हनीसन थांबनू.”

त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला आणि हजिऱ्याच्या बसला उशीर होत होता म्हणून निघून गेला.